ताईचे पत्र अडले कोठे?

नाशिक आणि टपाल यांचे नाते जुने. १९२५ साली नाशिकरोडला सरकारी छापखाना निघाला आणि पूर्वी विलायतेहून छापून येणारी आपली टपाल तिकिटे येथे छापली जाऊ लागली. तेव्हा एखाद्या नाशिककराने घरातच टपालकचेरी थाटली, तर नवल ते काय?

आमच्या भाच्याने तेच केले. कपाटावर लहानसा संगणक मांडला आणि घरादाराचे ई-मेल त्यातच उतरेल अशी व्यवस्था केली. जाणारी पत्रे एका भाडोत्री सेवेमार्फत सुखरूप जात. येणारे मात्र एकही येईना! पुण्याच्या ताईने भाऊबीजेचे आमंत्रण धाडले, तर दुसऱ्या दिवशी तिलाच निरोप आला : ‘टाइमआउट. पत्र पोचले नाही, प्रयत्न चालू आहे.’ तिने मला फोन केला, “मामा, त्याला माझी पत्रेसुद्धा नकोशी झाली का हो?”

तसे नव्हते. ई-मेल आणणारा संगणक आपल्या घराच्या २५ क्रमांकाच्या दारावर टकटक करतो. दार बंद असेल तर ‘नाही’ असे उत्तर तत्काळ मिळते. टाइमआउट म्हणजे उत्तरच नाही. टकटक वाटेतच कोठेतरी विरली!

भाचा म्हणे, “मामा, मी तपासले, सगळे ठीक आहे.” पण तपासले ते घरातल्या घरात! उंबऱ्याबाहेरून कोणी हाक मारून पाहिलीच नव्हती. शेवटी राउटरवरचा पत्ता पाहिला. तो १००.६४ ने सुरू होणारा निघाला, आणि कोडे सुटले. जगात या जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच. म्हणून इंटरनेट कंपन्या एकाच पत्त्यावर अनेक बिऱ्हाडे बसवतात. चाळीच्या फाटकावर आलेल्या पोस्टमनला खोली कोण दाखवणार?

भाच्याने थोडे जादा पैसे भरून कंपनीकडून स्वतंत्र, कायमचा पत्ता घेतला. नावाच्या नोंदीत तो बदलला, २५ क्रमांकाची वाट राउटरमधून कपाटापर्यंत मोकळी केली आणि या खेपेस मित्राच्या कचेरीतून, बाहेरूनच, टकटक करून पाहिली. (काही कंपन्या हे दार मुळातच बंद ठेवतात, ते आधी विचारून घ्यावे.)

आणि ताईचे पत्र? ई-मेलचा नियम मोठा सोशिक आहे. पाठवणाऱ्या संगणकाने निदान चार-पाच दिवस तरी पुन्हा पुन्हा खेटे घालावेत, असे तो सांगतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमंत्रण आपोआप येऊन दाखल झाले.

भाचा ओवाळून घ्यायला पुण्याला गेला. माणसानेही रुसण्यापूर्वी चार दिवस टकटक करून पाहावी, नाही का?