आपल्याला कुणी विचारतं का?



मागे एकदा वर्ग सुटल्यावर आम्ही काही मुलांना घेऊन बाब अल बहरीनच्या कमानीपाशी गेलो होतो. कमानीची माहिती सांगायची, एवढाच बेत होता. ही इमारत १९४० च्या दशकात बांधली, तिचा आराखडा त्या वेळचे सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह यांनी केला, तेव्हा समुद्र इथून अगदी जवळ होता, पुढे भर घालून तो मागे सारला, असे सगळे सांगून झाले. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीने विचारले, "समुद्रात भर घालायचं कुणी ठरवलं? तेव्हा लोकांना विचारलं होतं का?" आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न, "आणि आपल्याला कुणी विचारतं का?"

त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देत आहोत.

इथले उत्तर

मनामाची नगरपालिका १९१९ साली सुरू झाली. आखाती देशांतल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. २००२ सालापासून बहरीनमध्ये दर चार वर्षांनी नगरपालिका मंडळांच्या निवडणुका होतात. त्यांत बहरीनच्या नागरिकांबरोबर, इथे स्वतःच्या मालकीचे घर किंवा जमीन असलेल्या परदेशी रहिवाशांनाही मताचा हक्क कायद्याने दिला. मात्र २०१४ पासून राजधानी मनामात निवडलेले मंडळ नाही, नेमलेले विश्वस्त मंडळ आहे. मुहर्रक, उत्तर आणि दक्षिण या तीन विभागांत निवडलेली मंडळे आहेत.

म्हणजे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना इथे मत नाही. पण मत नसले तरी डोळे आहेत. रस्त्यावरचा दिवा बंद आहे, कचऱ्याचा डबा भरून वाहतो आहे, हे कळवायला सरकारची 'तवासुल' नावाची तक्रार आणि सूचनांची सोय आहे. "आपल्याला काय करायचंय, आपण थोडेच इथले!" असे म्हणून पुढे जाऊ नये. ज्या गल्लीत आपण राहतो, ती गल्ली आपली.

गावाकडचे उत्तर

आता दुसरे घर. तुमच्यापैकी पुष्कळांचे आजी-आजोबा महाराष्ट्रात खेड्यात राहतात. तिथे मात्र "आपल्याला कुणी विचारतं का?" याचे उत्तर स्वच्छ 'हो' असे आहे. विचारण्याच्या त्या जागेचे नाव ग्रामसभा.

ग्रामपंचायत आणि ग्रामसभा या दोन गोष्टी वेगळ्या. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सरपंच आणि सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेली सगळी माणसे. तुमची आजी ग्रामसभेची सभासद आहे. त्यासाठी तिला निवडून यावे लागत नाही. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारणपणे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात. आधी नोटीस लागते, दवंडी पिटतात. बायकांना मोकळेपणी बोलता यावे म्हणून ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते.

सभेत काय ठरते? गावाचा विकास आराखडा वाचला जातो. घरकुल कोणाला द्यायचे, ती यादी समोर येते. झालेला खर्च मांडला जातो, आणि तो बरोबर आहे का, हे कोणीही उठून विचारू शकते.

मग अडते कुठे? सभेला माणसे येत नाहीत, तिथे अडते. सभा भरायला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर लागतात. चारशे मतदारांच्या गावात साठ. तेवढीही आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा मात्र संख्येची अट राहत नाही. आलेल्या मोजक्या माणसांत गावाचा निर्णय होतो.

आमच्यातल्या एका पालकांच्या गावी असेच झाले. पाण्याची टाकी कुठे बांधायची, हा विषय होता. नोटीस लागली होती, दवंडीही झाली होती. त्यांच्या वाडीतले तरुण मुंबईत नाहीतर आखातात, आणि म्हातारी माणसे म्हणाली, "आपण जाऊन काय बोलणार?" वाडीतले कोणीच गेले नाही. टाकी गावाच्या दुसऱ्या टोकाला बांधायचे ठरले. त्यांची आई अजून खालच्या विहिरीवरून पाणी आणते. हे सांगताना ते एवढेच म्हणाले, "दोष कुणाला देऊ? त्या दिवशी मी फोन करून आईला 'जा' म्हटलं असतं तरी पुरे होतं."

उभी बाटली, आडवी बाटली

न जाणे हाही एक निर्णयच असतो. हे नीट समजायला एक गणित करू.

महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. त्याचे २००८ सालचे नियम आहेत. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्यांपैकी नव्हे, एकूण!

समजा, गावात ४०० महिला मतदार आहेत. आडव्या बाटलीला निदान २०१ मते हवीत. मतदानाला १८० जणी आल्या आणि सगळ्यांनी आडव्या बाटलीवरच शिक्का मारला, तर काय होईल? बाटली उभीच राहील. ज्या २२० जणी घरी बसल्या, त्यांनी काहीच न करता दुकान चालू ठेवले. महाराष्ट्रात अनेक गावांतल्या बायकांनी घरोघरी फिरून, कामाचा खाडा करून हा आकडा गाठला आणि दुकाने बंद पाडली.

मेंढा गावाची गोष्ट

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे लहानसे गोंड आदिवासी गाव आहे. "दिल्ली-मुंबई आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्या गावाची घोषणा. तिथे बहुमताने निर्णय करत नाहीत, सर्वांच्या सहमतीने करतात. एकाचाही विरोध असला तर पुन्हा बोलायचे. विषय समजावा म्हणून अभ्यासगट बसतो. देवाजी तोफा हे या गावचे कार्यकर्ते सगळ्यांना ठाऊक आहेत. याच एकजुटीच्या जोरावर २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून गाव आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकू लागले.

शहरातल्या मंडळींनाही वाट आहे. शहराचा विकास आराखडा आधी प्रसिद्ध करून त्यावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवतात. २०१५ साली मुंबईच्या आराखड्यावर हजारो हरकती आल्या, आणि तो नव्याने करायला लागला.

आता आपण काय करायचे?

मुलांनो, आपली मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. म्हणजे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या वेळी तुमच्यापैकी बरेच जण गावीच असाल. झेंडावंदन झाले की लाडू घेऊन घरी पळू नका. सभा केव्हा आहे ते विचारा आणि आजीला घेऊन जा. तुम्हांला मत नाही, पण आजीचा हात धरून तिला तिथवर नेता येते.

पालकहो, परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना २०११ पासून मतदारयादीत नाव नोंदवता येते. त्यासाठी ६-अ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन स्वतः जावे लागते. तोवर फोन आहेच. दर शुक्रवारी घरी बोलताना "पाऊस कसा आहे?" याच्या जोडीला "सभेत काय झालं?" हेही विचारावे.

सुट्टीतला अभ्यास

१. तुमच्या गावाच्या ग्रामसभेत कोणते विषय होते? तीन लिहा.
२. किती माणसे आली होती? मोजा. त्यांत बायका किती होत्या?
३. आजी सभेत काय बोलली? तिच्याच शब्दांत लिहा.

शब्दार्थ

तहकूब – पुढे ढकललेली
दवंडी – ढोल किंवा थाळी वाजवून गावाला दिलेली बातमी
हरकत – विरोध, आक्षेप
खाडा – कामाला दांडी

ज्यांची उत्तरे सुट्टीनंतर पहिल्या वर्गाला येतील, ती आम्ही या अंकात छापू.