पेट्रोलचा काटा खोटे बोलतो तेव्हा

आम्ही एकदा पोलादपूरहून साताऱ्याला निघालो होतो. पावसाळ्याचे दिवस होते. रात्रीची वेळ होती. मावशीला साताऱ्याच्या इस्पितळात ठेवले होते. सकाळी तिचे ऑपरेशन होते. 'रक्त लागेल, या,' असा निरोप आला होता. म्हणून आम्ही चौघे भाऊ निघालो होतो.

गाडी पेट्रोलची, जुनी. निघताना काट्याकडे पाहिले. काटा अर्ध्यावर होता. "अर्धी टाकी आहे. पुष्कळ झालं," असे म्हणून आम्ही वाटेतला पंप मागे टाकला.

आंबेनळी घाट चढू लागलो. निम्मा घाट चढून झाला आणि गाडीने दोन आचके दिले. मग ती थांबली ती थांबलीच. काट्याकडे पाहिले, तर काटा अर्ध्यावरच. मग आम्ही बॅटरीच्या तारा पाहिल्या. प्लग काढून पुसले. काही उपयोग झाला नाही. शेवटी धाकट्याने टाकीचे झाकण उघडून कान लावला. आम्ही गाडी हलवली. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज येईना. टाकी कोरडी ठणठणीत होती!

वर पाऊस, समोर धुके. दोन तासांनी एक टेंपोवाला भाऊ आला. त्याने आमच्यातल्या दोघांना गाडीत घेतले आणि पहाटे साताऱ्याला पोचवले. त्यामुळे रक्त वेळेवर मिळाले. मावशी बरी झाली. पण टेंपो आला नसता तर? हा विचार आजही मनातून जात नाही.

खरे सांगायचे, तर चूक आमचीच होती. आठ दिवस काटा अर्ध्यावरच उभा होता. 'गाडी हल्ली पेट्रोल कमी पिते,' म्हणून आम्ही उलट खुशीत होतो. गाडी चालते आणि काटा हलत नाही, असे कधी होते का? पण तेव्हा ते आम्हाला सुचले नाही. पुढे आम्ही हा काटा नीट समजून घेतला. तेच आज तुम्हाला सांगत आहोत.

काटा चालतो कसा?

काटा दिसतो आपल्यासमोर, पण त्याचे खरे काम चालते मागे, टाकीत.

टाकीत एक लहानसा हलका तरंगता असतो. जुन्या गाड्यांत तो पितळी पत्र्याचा, आतून पोकळ असे. आता बहुतेक प्लॅस्टिकचा असतो. पेट्रोल पाण्याहून हलके आहे. पाण्याचे वजन लिटरला एक किलो, तर पेट्रोलचे जवळजवळ पाऊण किलो. म्हणून तरंगता त्याहूनही हलका लागतो. विहिरीत घागर तरंगते, तसा तो पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल वाढले की वर येतो. उतरले की खाली जातो.

तरंगत्याला एक बारीक दांडी असते. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक पत्ती असते. ही पत्ती एका पट्टीवर घासत पुढेमागे सरकते. पट्टीवर बारीक तारेचे वेढे असतात. नव्या गाड्यांत वेढ्यांऐवजी छापलेल्या रेघा असतात. पत्ती सरकली की विजेची वाट लांब होते किंवा आखूड होते.

शेताला पाणी देताना पाटाच्या तोंडाशी माती ओढली, की पाणी कमी येते. माती काढली, की जास्त येते. इथेही तसेच आहे. वाट लांब, तर वीज कमी. वाट आखूड, तर वीज जास्त. जशी वीज येईल, तसा समोरचा काटा सरकतो.

टाकीपासून काट्यापर्यंत एक तार गेलेली असते. विजेची परतीची वाट बहुतेक जुन्या गाड्यांत गाडीच्या पत्र्यातूनच असते. तिला मिस्त्री लोक 'अर्थिंग' म्हणतात.

म्हणजे ध्यानात ठेवायच्या गोष्टी पाच : तरंगता, पट्टी, तार, अर्थिंग आणि काटा. काटा चुकला, की या पाचांपैकी कोणीतरी बिघडले आहे, किंवा वीजच पोचत नाही, असे समजावे.

खोड ओळखा

डॉक्टर आधी विचारतो, 'कुठे दुखतं? केव्हापासून दुखतं?' तसेच इथेही करावे. काट्याची खोड कोणती, ते चार दिवस पाहावे.

काटा एकाच जागी उभा राहतो काय? मग दांडी अडकली असेल.

पेट्रोल भरले तरी काटा रिकाम्यावरच राहतो काय? मग तरंगत्याला भोक पडून तो बुडाला असेल, नाहीतर तार किंवा अर्थिंग सुटले असेल. फ्यूजही गेला असेल.

काटा सदा भरल्यावरच राहतो काय? मग तारेचे आवरण झिजून ती पत्र्याला टेकली असेल, किंवा तुटली असेल. कारण सगळ्या गाड्यांची रचना सारखी नसते. काही गाड्यांत तार सुटली की काटा रिकाम्यावर जातो, काहींत भरल्यावर जातो.

काटा उड्या मारतो काय? मग पट्टी झिजली असेल, किंवा एखादा जोड सैल झाला असेल.

पेट्रोलच्या काट्याबरोबर इंजिनाच्या उष्णतेचा काटाही चुकतो काय? मग दोष टाकीत बहुधा नसतोच. जुन्या ब्रिटिश घडणीच्या पुष्कळ गाड्यांत दोन्ही काट्यांना एकाच लहान डबीतून वीज मिळते. बॅटरीची वीज कमीजास्त झाली, तरी ही डबी काट्यांना सरासरीने १० व्होल्टच देते. डबी बिघडली, की दोन्ही काटे एकदम चुकतात. अशा वेळी टाकी उघडण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. गाडी चढावर उभी असली, की पेट्रोल टाकीच्या एका बाजूला जाते. मग काटा थोडा चुकतोच. म्हणून काटा पाहायचा तो सपाट जागेवर.

आधी सोपे, मग अवघड

पुष्कळ लोक काटा चुकला की एकदम टाकी उतरवायला निघतात. तसे करू नये. सोप्या गोष्टी आधी पाहाव्यात.

पहिली गोष्ट फ्यूज. कोणता फ्यूज कशाचा, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेले असते. ते वाचा. फ्यूज जळला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. जाड तार किंवा चांदीचा कागद घालू नका. त्याने आग लागते.

दुसरी गोष्ट जोड. टाकीकडे जाणाऱ्या तारेचा जोड पाहा. कोकणात खारी हवा आणि धो धो पाऊस. जोडावर हिरवट किंवा पांढरी बुरशी धरते, पत्रा गंजतो. किल्ली बंद करा. बॅटरीची तार सोडा. जोड घासून स्वच्छ करा. अर्थिंगचा बोल्टही घासून घट्ट बसवा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काटा शुद्धीवर येतो. एक पैसा खर्च होत नाही.

तिसरी गोष्ट तारेची परीक्षा. ही जुन्या, साध्या काट्याच्या गाडीतच करावी. नव्या गाड्यांत पेट्रोलचा आकडा लहानशा संगणकातून येतो. तिथे अशी परीक्षा केली, तर हजारांचे नुकसान व्हायचे. ती गाडी जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावी.

जुन्या गाडीत असे करावे. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी. टाकीचे झाकण घट्ट लावावे. कुठे पेट्रोल गळत असेल किंवा वास येत असेल, तर ही परीक्षा करूच नये. टाकीपासून दूरचा जोड शोधावा. किल्ली बंद ठेवून तिथे तार सोडावी. सुटे टोक कुठेही टेकू देऊ नये. मग किल्ली फिरवून काटा कुठे जातो ते पाहावे. पुन्हा किल्ली बंद करावी. आता तारेचे, काट्याकडून येणारे टोक, गाडीच्या स्वच्छ पत्र्याला घट्ट जोडावे आणि मगच किल्ली फिरवावी. आधी जोडणे, मग किल्ली, हा क्रम मोडू नये. म्हणजे ठिणगी उडत नाही. काटा टोकाला पोचला, की लगेच किल्ली बंद करावी. जास्त वेळ ठेवले, तर काटा जळेल.

आता निकाल पाहू. एकदा काटा एका टोकाला गेला आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या टोकाला, तर काटा आणि त्या जोडापर्यंतची तार शाबूत आहेत. दोष त्या जोडापासून टाकीपर्यंतच्या तारेत, टाकीतल्या वस्तूंत किंवा टाकीच्या अर्थिंगमध्ये आहे. काटा हललाच नाही, तर टाकीकडे जाऊ नका. दोष तारेत, काट्यात किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत आहे. हीच परीक्षा मग काट्याच्या मागच्या बाजूला करावी. तिथे काटा हलला, तर मधल्या तारेत दोष आहे, हे नक्की.

टाकी उघडायची ती मिस्त्रीने

दोष टाकीत आहे, असे ठरले, की आपले काम संपले. पुढचे काम मिस्त्रीचे.

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते. दूर कोणी बिडी पेटवली, तरी आग वाफेवरून धावत येते. रिकामी टाकी निर्धोक, असे काही लोकांना वाटते. ते खोटे आहे. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा मिसळलेली असते. ती भरल्या टाकीहून घातक. म्हणून हे काम मोकळ्या हवेत, दिवसाउजेडी, बॅटरी सोडून करायचे. जवळ बिडी नाही, स्टोव्ह नाही, साधा उघडा दिवाही नाही.

मिस्त्री तरंगता बाहेर काढून कानाशी हलवतो. आत पेट्रोल वाजले, तर त्याला भोक पडले आहे. जुन्या पितळी तरंगत्याला डाग द्यायचा मोह होतो. पण आत राहिलेले पेट्रोल तापले, की तो हातातच फुटतो. त्यापेक्षा नवा घ्यावा.

मग मिस्त्री पट्टीला मीटर लावतो आणि दांडी सावकाश वरखाली करतो. मीटरचा आकडा हळूहळू चढला-उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली, तर पट्टी झिजली आहे. पेट्रोलमध्ये गंधक जास्त असले, तरी पट्टीवरची चांदी काळी पडते. २००४ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात अशा पेट्रोलने पुष्कळ गाड्यांचे काटे बिघडले होते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून पेट्रोलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे जास्तीत जास्त १० भाग चालतात.

आमच्या गाडीत काय निघाले, ते ऐका. चालत्या गाडीत पेट्रोल हेलकावू नये, म्हणून टाकीत आडवे पत्रे असतात. मागे कोणीतरी टाकी उतरवली, तेव्हा दांडी थोडी वाकली होती. ती नेमकी अर्ध्यावर पत्र्याला अडकत होती. मिस्त्रीने दांडी सरळ केली. काम तासाभराचे!

आम्ही म्हटले, "चाचा, एवढ्याशा दांडीनं आम्हाला रात्रभर घाटात बसवलं."

ते हसून म्हणाले, "दांडीनं नाही, भाऊ. तुम्ही काट्याला एकदाही हिशेब विचारला नाही, म्हणून बसलात."

वही कधी खोटे बोलत नाही

चाचांचे बोलणे आम्हाला लागले. तेव्हापासून गाडीत एक वही असते. टाकी पूर्ण भरली, की तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहायचा. पुन्हा पूर्ण भरली, की किती लिटर लागले ते लिहायचे.

समजा, मधल्या काळात गाडी ३०० किलोमीटर चालली आणि २० लिटर पेट्रोल लागले. ३०० ला २० ने भागा. उत्तर १५. म्हणजे गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते. टाकी ३५ लिटरची असेल, तर ३५ गुणिले १५, म्हणजे ५२५ किलोमीटर. पण घाटात, गर्दीत पेट्रोल जास्त जाते. म्हणून ४०० झाले, की पंप गाठायचा. मग काटा काही का सांगेना!

टाकी कोरडी होऊ देण्यात आणखीही तोटा आहे. नव्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो. पेट्रोल त्याला थंड ठेवते. पेट्रोल संपले, की तो तापून खराब होऊ शकतो. डिझेलची गाडी कोरडी झाली, की नळीत हवा शिरते. ती काढल्याशिवाय पुष्कळशा गाड्या चालू होत नाहीत.

मंडळी, तुम्ही आता लिहायला शिकलात, आकडे मांडायला शिकलात. ही विद्या पाटीवरच ठेवू नका. गाडी तुमची असो, मालकाची असो, एक वही करा. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ येते. त्या वेळी तुमच्या हातचे चार आकडे कोणाचा तरी जीव वाचवतील.

सांगा पाहू

१. काटा अर्ध्यावरून हलत नाही. दोष कुठे असू शकेल?
२. रिकामी टाकी भरल्या टाकीहून घातक का?
३. गाडी २४० किलोमीटर चालली. पेट्रोल १६ लिटर लागले. लिटरला किती किलोमीटर झाले?