आकाशांतून पाहिलेली भातजमीन

बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, चामटोली हें गांव आहे. २७ जुलै २०१९ रोजीं महापूर येऊन याच गांवाजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली व हजाराहून अधिक उतारूंना सोडवावें लागलें. पुराचें पाणी ज्या सखल खाचरांत पसरून ओसरतें, तीं खाचरें आतां किती उरलीं, हा प्रश्न शेतकऱ्यानेंच विचारला पाहिजे. कुळगांव-बदलापूरची वस्ती २००१ च्या खानेसुमारींत सुमारें ९८ हजार होती. २०११ सालीं ती पावणेदोन लाखांच्या घरांत गेली. शहर वाढतें तें शेजारच्या शेतावरच.

या बदलाची मोजदाद करण्यास उपग्रहाचीं चित्रें उपयोगीं पडतात. अमेरिकेनें १९७२ सालीं लँडसॅट मालेंतील पहिला उपग्रह सोडला, भारताचा आय.आर.एस.-१ए १९८८ सालीं गेला. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें व डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण परत फेंकतें. माती, सिमेंट व पाणी यांची तऱ्हा निराळी असते. या भेदावरून पीक व बांधकाम ओळखतां येतें.

आमच्या वाचकांस गुंठ्याच्या हिशेबानें सांगतों. लँडसॅटच्या चित्रांतील एक ठिपका ३० मीटर लांबरुंद, म्हणजे सुमारें ९ गुंठ्यांचा. २०१५ पासून फिरणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-२ चा १० मीटरांचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा. लहान खाचर पहिल्यांत हरवेल, दुसऱ्यांत दिसेल.

मात्र चित्र पाहतांना फसगत होऊं शकते. मार्च महिन्यांत कापणी झालेलें कोरडें खाचर व भराव टाकलेली जागा सारखींच भासतात. म्हणून निरनिराळ्या वर्षांचीं, पण एकाच महिन्याचीं चित्रें ताडून पाहावींत. पीक उभें असून ढग विरळ झालेले, असा आश्विनाचा काळ त्यास बरा. प्लॉट पाडून ठेवलेल्या जागेवर गवत माजलें, तर तीही हिरवीच दिसते. तेथें रडारचा उपग्रह कामीं येतो. तो ढगांतूनही पाहतो, व लावणीच्या वेळीं पाण्यानें भरलेलें खाचर त्याच्या चित्रांत काळें उमटतें. गवताचें रान तसें उमटत नाहीं.

जमीन कोणाची, हें चित्र सांगत नाहीं. तें काम सातबाराचें. परंतु सातबारावर भात लिहिलेलें असून जागीं भराव पडला असेल, तर तो विरोध चित्रांत उघड होतो. लँडसॅटचीं चित्रें २००८ पासून, व सेंटिनेलचीं आरंभापासून, विनामूल्य मिळतात. गांवांतील शिकलेल्या मुलांकडून तीं काढवून गांवनकाशावर बसवावींत, संशयाची जागा स्वतः पायीं फिरून पाहावी, आणि मगच ग्रामसभेंत मांडावी. नाला बुजल्यावर तक्रार करण्यापेक्षां, भरावाची पहिली गाडी रिकामी होतांच नोंद करणें केव्हांही श्रेयस्कर होय.