सायकलचा टायर : तीन गुणांची ओढाताण

उल्हासनगर-अंबरनाथच्या काँक्रीट रस्त्यावर सुरेख धावणारी सायकल बदलापूरजवळच्या टेकड्यांतील मुरमाड वाटेवर घसरू लागते. गुळगुळीत टायरखालचे सुटे खडे गोट्यांसारखे गडगडतात. तेथे उंच खुंटांचा टायर हवा. ते मातीत रुततात.

मग सर्वत्र तोच का वापरू नये? टायरचा टेकलेला भाग दबतो, पुढे गेल्यावर पूर्ववत होतो. या क्रियेत काही ऊर्जा उष्णतारूपाने वाया जाते. पक्क्या रस्त्यावर खुंटही वाकतात आणि वेग घटतो. मऊ रबर खडकाच्या बारीक खाचांत शिरून पकड घेते, पण लवकर झिजते. कठीण रबर टिकते, पण पकड कमी देते.

हवेचा दाबही पाहू. समजा, मागच्या चाकावर ३६ किलोग्रॅम भार आहे. दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम असल्यास टायर सुमारे १२ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. दाब २ केल्यास सुमारे १८. खडबडीत वाटेवर पकड वाढते. मात्र दाब फारच उतरवला, तर दगडावर आदळून ट्यूब रिमखाली चेंगरते.

मागचा टायर अधिक भार व पेडलचा जोर सोसतो, म्हणून आधी झिजतो. पण पुढचे चाक घसरले, तर तोल सावरणे फार कठीण. म्हणून टेकडीवर जाताना अधिक पकडीचा टायर पुढे, टिकाऊ टायर मागे बसवावा. झिजलेला मागचा टायर पुढे कधीही लावू नये.

विद्यार्थी मित्रांनो, ओले टायर आलेखाच्या कागदावर टेकवा, सायकलवर मित्राला बसवा आणि ठशातील चौकोन मोजा. थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. काय आढळते?