चित्राखालचे नाव कोण पुसतो?

कोणते चित्र भिंतीवर लागावे आणि कोणते गोदामात पडावे, हे ठरविणाऱ्याला कलाजगतात ‘क्युरेटर’ म्हणतात. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ आहे काळजी घेणे. पण काळजी कोणाची? हान्स उलरिक ओब्रिस्ट यांनी २००८ मध्ये अकरा नामवंत क्युरेटरांच्या मुलाखतींचे पुस्तक काढले. आशिया-आफ्रिकेतला त्यात एकही नाही!

नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके अडकविलेला अस्पृश्य आणि देवदासी यांना चित्रात आणले. दलित कलेवरील ‘दलित आर्ट अँड व्हिज्युअल इमेजरी’ हा ग्रंथ २०१२ मध्ये निघाला, तोही इंग्रजीत. संपादक गॅरी टार्टाकोव्ह अमेरिकन. त्यांचे ऋण मान्यच. परंतु आपण काय केले?

आज मोबाईलने प्रत्येकालाच क्युरेटर केले आहे. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपण असंख्य चित्रे पुढे पाठवितो आणि कोपऱ्यातली चित्रकाराची सही कापली गेली तरी आपल्याला पत्ता नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ सांगते की, हक्क विकले तरी ‘ही कृती माझी’ म्हणण्याचा कलावंताचा अधिकार संपत नाही. ज्यांची नावे इतिहासाने पुसली, त्यांनीच आपल्या कलावंताचे नाव पुसावे काय?

चैत्यभूमी, दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी उसळते. तेथे आपल्या चित्रकारांवरचे मराठी पुस्तक मागा. नसेल तर काढा. चित्र, नाव, साल, गाव एवढी तरी नोंद ठेवा. पुराव्याशिवाय दावा कोर्टात टिकत नाही; इतिहासातही टिकत नाही.