मूत्राशयाची डागडुजी : आशा आणि हिशेब

पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे सह्याद्रीच्या कड्यांच्या कुशीतले गाव. भीमाची काठी हा सुळका पाहण्यासाठी पावसाळ्यात येथे पर्यटकांची गर्दी होते. रस्ता मात्र वळणावळणाचा, एका बाजूस खोल दरीचा. जानेवारी २०२१ मध्ये कुडपण परिसरात वऱ्हाडाचे वाहन दरीत कोसळून काहींना प्राण गमवावे लागले, अनेक जण जखमी झाले. त्यापूर्वी २८ जुलै २०१८ रोजी याच तालुक्यातील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, तेव्हा केवळ एक प्रवासी वाचला होता.

अशा अपघातात मोडलेला हात-पाय लगेच दिसतो. कमरेच्या हाडांच्या कड्यामागे दडलेल्या मूत्राशयाची इजा मात्र बाहेरून कळत नाही. रिकामे मूत्राशय हाडांच्या आड सुरक्षित असते. भरले की ते वर पोटात चढते आणि जोराच्या आघाताने फुटू शकते. घाट चढण्यापूर्वी लघुशंका उरकून घ्यावी, ही घरातील वडीलधाऱ्यांची सूचना शरीरशास्त्राला पूर्णपणे धरून आहे. (गिऱ्हाईक निघून जाईल म्हणून दिवसभर गल्ल्यावर लघवी दाबून बसणाऱ्या व्यापारी बंधूंनीही तिचा थोडा विचार करावा.)

निसर्गाने या पिशवीला डागडुजीची शक्ती भरपूर दिली आहे. तिचे आतले अस्तर एरवी फार संथ गतीने बदलते, पण इजा झाली की झपाट्याने वाढून जखम झाकते. त्यामुळे लहानशी फूट असेल, तर नळी घालून मूत्राशय काही दिवस रिकामे ठेवले तरी पुष्कळदा ती भरून येते. मोठी फूट, विशेषतः पोटाच्या पोकळीत उघडणारी, शस्त्रक्रियेने शिवावी लागते.

खरी अडचण मूत्राशयाचा मोठा भाग निकामी झाल्यावर येते. कर्करोगामुळे ते काढावे लागते, किंवा पाठीचा कणा जन्मतः उघडा राहिलेल्या बालकांत ते आखडून कडक होते आणि वरच्या मूत्रपिंडांवर दाब येतो. अशा वेळी रुग्णाच्याच आतड्याचा तुकडा घेऊन मूत्राशय मोठे करतात अथवा नवे बांधतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिकुलिक्झ या शल्यविशारदाने हा मार्ग प्रथम माणसावर अवलंबिला आणि आजही मुख्य उपाय तोच आहे. परंतु आतड्याचा धर्म शोषून घेण्याचा, तर मूत्राशयाचा साठवण्याचा. आतड्याचा तुकडा लघवीतील क्षार परत रक्तात ओढतो, चिकट स्राव सोडतो, खडे होतात, रक्तातील आम्लता वाढते. काम होते, पण त्याचे व्याज जन्मभर भरावे लागते.

म्हणूनच रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून मूत्राशय वाढविण्याच्या कल्पनेने जगाला भुरळ घातली. अमेरिकेतील बोस्टनच्या बाल रुग्णालयात डॉ. अँथनी अटाला यांच्या चमूने प्रथम श्वानांवर प्रयोग केले. ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर ४ ते १९ वर्षे वयाच्या सात रुग्णांच्या मूत्राशयाचा लहानसा तुकडा घेतला, त्यातील अस्तराच्या व स्नायूच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या, पिशवीच्या आकाराच्या साच्यावर पेरल्या आणि सुमारे सात-आठ आठवड्यांनी ती पिशवी रुग्णाच्या मूत्राशयाला जोडली. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे वृत्त छापले, तेव्हा आता अवयव कारखान्यात तयार होणार, अशा थाटाच्या बातम्या जगभर झळकल्या.

पुढचा ताळेबंद तितका गाजला नाही. टेंजियन या कंपनीने हीच पद्धत दहा बालकांवर तपासली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता : मूत्राशयाची धारणशक्ती व लवचिकता अपेक्षेप्रमाणे सुधारली नाही आणि काही बालकांत आतडे अडकणे, मूत्राशय फुटणे असे गंभीर प्रकार घडले. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने दिवाळखोरी पत्करली. पिशवी घडविणे त्यामानाने सोपे. तिच्यात रक्तवाहिन्या वेळेत रुजविणे आणि आकुंचनाचा आदेश देणाऱ्या मज्जातंतूंशी तिचे नाते जोडणे, हे अजून साधलेले नाही.

जैन कुटुंबापुढे याशिवाय आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो रुग्णालयात कोणी आपण होऊन काढत नाही. पेशी ज्या साच्यावर वाढतात तो कशाचा? अनेक साचे गाय वा डुकराच्या ऊतींपासून मिळविलेल्या कोलॅजनचे असतात. काही तर डुकराच्या आतड्याचे वा मूत्राशयाचे अस्तर धुऊन-स्वच्छ करून बनवितात. पेशींना पोसण्यासाठी प्रयोगशाळांत सर्रास वापरतात ते द्रव्य गर्भातील वासराच्या रक्तापासून काढलेले असते. मानवी रक्तातील घटकांपासून केलेले पोषणद्रव्य आणि विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात तसे कृत्रिम बहुवारिकाचे साचे हे पर्याय आज उपलब्ध आहेत. संकल्पी हिंसेचा त्याग हे श्रावकाचे व्रत. प्राणरक्षणासाठी असे औषध घ्यावे की नाही याचा निर्णय ज्याने त्याने गुरुजनांच्या मार्गदर्शनाने करावा. परंतु निर्णयासाठी आधी माहिती हवी. ती शस्त्रक्रियेपूर्वी, संमतीपत्रावर सही करण्याआधी आणि लेखी मागावी. त्यात संकोच कसला?

भारतात या क्षेत्रातील काम मूत्राशयापेक्षा त्याखालच्या मूत्रमार्गावर अधिक झाले आहे. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी लांबवर अरुंद झालेला मूत्रमार्ग गालाच्या आतील अस्तर लावून एकाच टप्प्यात दुरुस्त करण्याची पद्धत विकसित केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे तंत्र आज देशोदेशी त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हैदराबादच्या शल्यविशारदांनी चेन्नईतील संशोधकांच्या साह्याने पुढचे पाऊल टाकले : गालाच्या थोड्याशा पेशी वाढवून, कृत्रिम बहुवारिकात घालून, अरुंद जागी सोडल्या. सहा रुग्णांचा हा प्राथमिक अभ्यास. चौघांची वाट मोकळी राहिली, दोघांचा अडथळा परत आला. आकडा लहान आहे, पण हिशेब उघड मांडलेला आहे.

या प्रामाणिकपणाचे मोल जाहिराती पाहिल्या की कळते. मूळपेशींनी कोणताही अवयव दुरुस्त करून देऊ, अशी आश्वासने लाखो रुपये घेऊन विकली जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांतील प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा इतर उपयोग हा संशोधनच मानला जातो, प्रस्थापित उपचार नव्हे. संशोधन असेल, तर त्याची नोंद राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत असली पाहिजे. ती संगणकावर कोणासही विनामूल्य पाहता येते. चाचणीत इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पावती मिळाली तरी ती उपचाराची हमी नव्हे.

मे २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे डॉ. नीमा नासिरी व डॉ. इंदरबीर गिल यांनी मृत दात्याचे मूत्राशय, मूत्रपिंडासह, एका रुग्णाला बसविले. माणसातील हे पहिलेच मूत्राशय-प्रत्यारोपण. असा परका अवयव टिकविण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात. गालाच्या तुकड्याला त्यांची गरज नसते, कारण तो आपलाच असतो. अट एवढीच की गाल निरोगी हवा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो खाणारे आणि विकणारे दोघेही आपल्या बाजारपेठांत आहेत. सुपारी-तंबाखूने ज्याच्या गालाचे अस्तर पांढरे, ताठ झाले आहे, ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याच्या मूत्रमार्गासाठी शल्यविशारदाला ते अस्तर घेता येत नाही. जिभेखालची वा अन्य जागा शोधावी लागते.