'ब्रेक' विसरला, की मुद्दाम गाळला?

सी भाषेतील 'स्विच' या रचनेत एखाद्या 'केस'चे काम संपले, तरी 'ब्रेक' असा स्पष्ट हुकूम लिहिल्यावाचून अंमल थांबत नाही, तो खालच्या केसमध्ये बिनदिक्कत उतरतो. आणि हे उतरणे लेखकाच्या इच्छेने घडले की विस्मरणाने, याचा निवाडा नुसत्या संहितेवरून करणे कंपायलरला अशक्य असल्यामुळे, जीसीसी या कंपायलरच्या २०१७ सालच्या सातव्या आवृत्तीपासून 'इम्प्लिसिट-फॉलथ्रू' नामक इशारा 'एक्स्ट्रा' या इशारासंचात दाखल झाला. केसची लेबले एकाखाली एक रचून मध्ये एकही विधान नसेल, तर हरकत घेतली जात नाही.

इशारा दिसताच सरसकट 'ब्रेक' ठोकून देणे हा शुद्ध उतावळेपणा होय; हेतुपुरस्सर लिहिलेला, वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम त्यामुळे बिघडतो. हेतू असेल, तर तो दप्तरी नोंदवावा. पुढील केसच्या लगत वर लिहिलेली 'फॉल थ्रू' ही टिप्पणी जीसीसी पुरावा म्हणून ग्राह्य धरतो. क्लँग हा दुसरा कंपायलर मात्र ती मानीत नाही, सबब 'फॉलथ्रू' हे ॲट्रिब्यूट लिहिणेच श्रेयस्कर, ज्यास सी२३ या प्रमाणात दुहेरी चौकोनी कंसांचे अधिकृत रूप लाभले आहे. लिनक्स कर्नलने २०१९ साली त्यासाठी त्याच नावाचा मॅक्रो योजला.

मुद्दाम उतरण्याचा सर्वांत विक्षिप्त (आणि, माझ्या मते, सर्वांत देखणा) दाखला म्हणजे टॉम डफ यांची १९८३ सालची युक्ती: तीत स्विचच्या केस चक्क 'डू-व्हाइल' आवर्तनाच्या पोटात विखुरलेल्या आहेत.